गारेगार, पण ठमीसाठी

पहिला कप चाळीस सेकंदांत संपला. मी मोबाइलवर वेळ लावूनच बसले होते, कारण कुत्र्याच्या एका आईस्क्रीमच्या कपाला दीडशे रुपये मोजल्यावर माणूस हिशेबाला बसतोच. त्या चाळीसातले पहिले पंधरा सेकंद ठमीने नुसतं हुंगण्यात घालवले. मग जीभ सुरू झाली ती थांबलीच नाही. शेवटी रिकामा कप तोंडात धरून ती दिवाणाखाली पसार, आणि तिथून पुठ्ठा फाडल्याचा आवाज.

ठमी आमची गावठी कुत्री. वजन १७ किलो, वय सहाच्या आसपास. रिक्षा स्टँडवर पावसात कुडकुडताना सापडली तेव्हा जन्मदाखला बरोबर नव्हता, म्हणून आसपास. आम्ही भांडुप पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. म्हणजे मे महिन्यात दुपारी दोन ते पाच आमच्या डोक्यावर छत नसतं, तवा असतो. ठमी त्या वेळात मोरीच्या उंबऱ्यावर पोट टेकून पडते आणि कोणी आत जायला निघालं की असा काही चेहरा करते, की आपणच गुन्हेगार.

माझी नणंद नागपूरला असते. फोनवर दर उन्हाळ्यात तिचं ठरलेलं वाक्य: “चौतीसला तुम्ही उन्हाळा म्हणता?” तिला मी आता उत्तर शोधून ठेवलंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काही येतो तो पंजांच्या गाद्यांना. त्याचं खरं कूलर म्हणजे धापा टाकणं. जीभ बाहेर, श्वास भराभर, आणि जिभेवरचा, नाकातोंडातला ओलावा उडाला की अंग निवतं. पण ओलावा उडायला हवा कोरडी लागते. मुंबईची हवा म्हणजे ओलं फडकं. वाळत घातलेले कपडेच जिथे दुपारभर दमट राहतात, तिथे ठमीची जीभ कशी वाळणार? कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या घरात असतं, म्हणजे आपल्याला ताप आला म्हणू तेवढं. त्याच्या वर दोन अंश चढले की प्रकरण दवाखान्यात जातं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या मंडळींचे तर आणखी हाल. त्यामुळे नागपूरकरांनी चौतीसला हसू नये. त्यांच्याकडे निदान डेझर्ट कूलर चालतो.

तर आईस्क्रीम. आमच्या सईने, मुलीने, अ‍ॅपवरून मागवलं. चार कपांचा बॉक्स, सहाशे रुपये, पोचवायचे वेगळे. ब्रँडचं नाव मी लिहीत नाही. एक तर धंदा लहान दिसतो, दुसरं म्हणजे माझी तक्रार मालापेक्षा प्रवासाची जास्त आहे. थर्माकोलचा डबा आला, आत एक जेल पॅक, तो कोमट. चारपैकी दोन कप सरबत झाले होते. तक्रार केली तर “डियर पेट पेरेंट” म्हणून सुरुवात असलेला गोड मेसेज आला आणि अर्धे पैसे परत. पेट पेरेंट! हे वाचून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “म्हणजे मी हिची आजी काय गं?” वय ८१, गाव देवगडजवळ. ठमीला पहिल्या दिवशी घरात घ्यायला यांचाच विरोध होता. आता दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री दाखवून आम्हालाच सांगतात, की हे काही नवीन नाही.

मालाबद्दल बोलायचं तर वाईट नाही. डब्यावर दही, लाल भोपळा, केळं आणि शेंगदाण्याचं बटर एवढंच लिहिलं होतं, साखर नाही. मी बोटावर घेऊन चाटून पाहिलं. अळणी, जरा आंबट, उपवासाचं काहीतरी फसल्यासारखं. ठमीला पसंत पडलं, पण गंमत ही की फ्रीजरमधून काढल्या काढल्या ती फारशी उत्साही नव्हती. गोठलेल्या पदार्थाचा वास कमी सुटतो आणि कुत्र्याचं अर्धं जेवण नाकाने होतं. चार मिनिटं बाहेर ठेवून कडेने सुटायला लागला, तेव्हा दुसरा कप तिने जिवावर उदार होऊन चाटला. सरबत झालेले दोन कप मी पुन्हा गोठवले नाहीत. दह्याचा पदार्थ उन्हात किती वेळ फिरला कोण जाणे.

माझा निकाल: पाचात दोन. वाढदिवसाला फोटोपुरतं ठीक. सहाशे रुपयांत एकूण दीड मिनिटाचा गारवा, हा सौदा मला मंजूर नाही.

मग माणसांचंच का नाही द्यायचं, असं कोणी विचारेल. आम्हीही आधी तेच करायचो. फॅमिली पॅक फुटला की झाकण ठमीचं. नंतर रात्री तीन वाजता गॅलरी पुसायची पाळी नवऱ्याची. बऱ्याचशा मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, पिल्लूपण संपलं की ती ताकद कमी होते. दही-ताकात ती थोडी कमी असते म्हणून चमचा-दोन चमचे ठमीला चालतं. पण खरी भीती वेगळीच आहे, आणि ती आमच्याच फ्रीजरमध्ये होती. नवऱ्याला मधुमेह, म्हणून त्याच्यासाठी शुगर-फ्री आईस्क्रीम. काही शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली आणतो आणि यकृताचं नुकसान करतो, थोडक्या प्रमाणातही. डब्यावर कधी नाव लिहिलेलं असतं, कधी नुसता आकडा, ९६७. हे आमच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी चष्मा लावून सगळे डबे वाचले. आमच्यात नव्हतं. तरी तो डबा आता वरच्या कप्प्यात मागे गेलाय आणि शेंगदाण्याचं बटरही मी लेबल वाचल्याशिवाय घेत नाही.

श्रीखंडाचंही तसंच. गुढीपाडव्याला वाटी चाटायला द्यायचा आमचा शिरस्ता होता, तो बंद. त्यात साखर तर असतेच, वर जायफळ, आणि जायफळ कुत्र्यांना बाधतं. चॉकलेट सगळ्यांना माहीत आहे. द्राक्षं आणि मनुका फार जणांना माहीत नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात. म्हणजे केशर-पिस्ता-मनुका घातलेल्या कुल्फीची काडी ठमीच्या तोंडात देण्याआधी विचार करा. काडी गिळली तर तो आणखी वेगळा खर्च.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. कॉंग. लाल रबराचं खेळणं, आतून पोकळ. दिसायला एकावर एक ठेवलेले तीन लाडू, खालचा मोठा, वरचा लहान. आई त्याला “ती उतरंड” म्हणतात आणि घरात आता तेच नाव पडलंय. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावून दात घालवत होता. १९७० च्या दशकात हे गृहस्थ आपली फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करत होते, तेव्हा तिच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग फ्रिट्झला मिळाला आणि तो त्यालाच चिकटून बसला. त्या आकारावरून हे खेळणं निघालं. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली. तो गॅरेजवाल्याकडे जाऊन तसाच भाग फुकटात मिळतो का बघू म्हणाला. तो बँकेत आहे, त्याला माफ करा.

माप वजनावर ठरतं. १३ ते ३० किलोला लार्ज, म्हणून ठमीला लार्ज. पाळीव दुकानातल्या मुलाने मीडियम पुढे केलं होतं, स्वस्त पडेल म्हणून. घेऊ नका. लहान खेळणं मोठ्या जबड्यात अडकायची भीती असते. लाल रंगाचं रबर नेहमीच्या चावणाऱ्यांसाठी, काळं असतं ते फार जोर लावणाऱ्यांसाठी, पिल्लांचं मऊ आणि वेगळं. मला हजारावर शंभर-दीडशे पडले. तेव्हा जीव हळहळला. आज तिसरा उन्हाळा चालू आहे, तर त्याच्यावर ठमीच्या दातांचे बारीक ओरखडे आहेत, तुकडा एकही निघालेला नाही. तुकडा निघायला लागला की फेकून द्यायचं, एवढं लक्षात ठेवा.

खाली मोठं भोक, वर टोकाला बारीक. ते बारीक भोक उगाच नाही. एकच भोक असतं तर चाटता चाटता आत हवेची पोकळी होऊन जीभ ओढली जाऊ शकते. दोन्हीकडून हवा खेळती राहिली की ते होत नाही. पण गोठवताना पंचाईत अशी की पातळ काही घातलं तर त्या भोकातून सगळं वाहून जातं. पहिल्या दिवशी मी ताक ओतलं आणि ते फ्रीजरच्या तळाशी, सुरमईच्या पिशवीखाली पसरून गोठलं. ते खरवडताना मी काय काय बोलले ते इथे नको. उपाय साधा आहे: उकडलेल्या रताळ्याचा बोटभर तुकडा टोकाच्या भोकात आतून दाबून बसवायचा. मग उतरंड उलटी करून स्टीलच्या फुलपात्रात उभी करायची. जणू मापच घेऊन केलंय, इतकी नेमकी बसते. वरून भरायचं, काठाला बोटभर जागा सोडायची, रात्रभर फ्रीजर. दुसऱ्या दिवशी दुपारी रताळं आधी निघतं, भोक मोकळं होतं, आणि मग खरं काम सुरू.

पहिल्या वेळी पुन्हा घड्याळ लावलं. ४१ मिनिटं. चाळीस सेकंद नव्हे, मिनिटं. ठमीने ती पुढच्या दोन पंजांत धरली, अगदी आई नारळ खोवायला धरतात तशी, थोडी तिरकी, आणि मान वळवून वळवून चाटत राहिली. मधे मधे थांबून भोकात एक डोळा लावून बघायची. जीभ पोचेना झाली की उचलून फरशीवर आपटायची, आतला गोळा सुटला की परत चाटायची. पंधरा मिनिटांनी धापा कमी झाल्या. शेवटी उतरंडीवर हनुवटी ठेवून झोपली.

आपटण्याचा भाग शेजारधर्माला जड गेला, हेही सांगते. खालच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, “दुपारचं कोण लगोरी खेळतं हो तुमच्याकडे?” तेव्हापासून गॅलरीत जुनी गोधडी घालून तिथेच द्यायची. गोधडी लगेच धुवायला टाकायची, नाहीतर मुंग्या. आणि उतरंड गरम पाण्यात भिजवून दुधाच्या बाटलीच्या ब्रशने घासायची. सईच्या लहानपणीचा ब्रश वीस वर्षांनी कामाला आला.

आत काय भरायचं यावर घरात चार पक्ष आहेत. सईचा कलिंगडाचा. बिया काढून, सालीचा पांढरा भाग काढून, नुसता लाल गर कुस्करून. छान आहे, स्वस्त आहे, पण गोड, म्हणून आठवड्यातून एकदा. नवऱ्याचा शहाळ्याच्या पाण्याचा, कारण त्यानिमित्ताने मलई त्याला मिळते. माझा काकडी आणि दह्याचा. माझा पक्ष हरला. ठमीने काकडीचे तुकडे एकेक करून गोधडीवर काढून ठेवले, भाजी निवडल्यासारखे.

जिंकल्या त्या आई. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, की जनावराला उन्हात पेज द्यावी. आम्ही हसलो. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच मऊभाताची पेज घोटली, त्यात कोंबडीचं अळणी घातलं. आमच्याकडे रविवारी कोंबडी शिजते तेव्हा मसाला लावण्याआधी काढलेला जो पातळ रस्सा, तो अळणी. फक्त आता ठमीसाठी चार तुकडे वेगळ्या भांड्यात निव्वळ पाण्यात शिजवावे लागतात, मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने ते जात नाही. हाडंही सगळी काढायची, शिजलेली हाडं टोकदार फुटतात. आईंना बिनकांद्याचं अळणी म्हणजे अपमानच वाटतो, पण करतात. त्या पेजेची उतरंड बाहेर काढली की फ्रीजरचं दार उघडण्याच्या आवाजाला ठमी आधीच गॅलरीत जाऊन बसलेली असते.

यावर माझी एकच टीप: जेवढं आत भरलं तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. पहिल्या उन्हाळ्यात मी नाही केलं. जूनमध्ये डॉक्टरांच्या काट्यावर ठमी १९ किलो भरली आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, ठमीकडे नाही.

आईंकडून एक चूकही झाली, तीही सांगून टाकते, कारण आंबे चालू आहेत. हापूस कापून झाल्यावर कोय चोखून त्यांनी सवयीने बाजूला ठेवली, थंडगार कोय, फ्रीजमधल्या आंब्याची. ठमीने उचलली. मी ओरडले, सई धावली, आणि ठमीला वाटलं खेळ सुरू झाला. हॉलभर तीन फेऱ्या. नवऱ्याने शेवटी चपातीचा तुकडा दाखवला तेव्हा तोंड उघडलं आणि कोय गालिच्यावर पडली. कोय गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही. आई त्या दिवशी रात्री जेवल्या नाहीत. आम्ही कोणी काही बोललो नव्हतो, तरी. दुसऱ्या दिवशीपासून कोयी थेट झाकणाच्या डब्यात जातात. गर मात्र चमचाभर चालतो, म्हणजे ठमीला. आम्हाला चमचाभर कसा चालेल.

बर्फाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर दर एप्रिलला एक मजकूर फिरतो, की गार पाणी किंवा बर्फ दिला की कुत्र्याचं पोट फुगून तो दगावतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो चार वेळा आला, चारही वेळा एकाच काकांकडून. डॉक्टरांना विचारलं. धडधाकट कुत्र्याला गार पाण्याने तसं काही होत नाही म्हणाले. भसाभसा एकदम पोटभर पिणं आणि लगेच धावणं टाळा, आणि ट्रेमधला कडक मोठा बर्फाचा खडा कडाकडा चावायला देऊ नका, दाताचा टवका उडतो. म्हणून खडे मी पाण्याच्या भांड्यात टाकते. गाडीवरच्या गोळ्याचा बर्फ मात्र तिला नाही. तो कुठल्या पाण्याचा असतो हे आपण आपल्यासाठी विचारत नाही, पण तिच्यासाठी विचारतो, असं आमचं झालंय.

आणि हे सगळं लाडाचं झालं. उन्हाने खरंच त्रास व्हायला लागला, म्हणजे धापा थांबत नाहीत, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, तर आईस्क्रीम, उतरंड काही तोंडापुढे धरायचं नाही. सावलीत किंवा पंख्याखाली न्यायचं, अंगावर साधं पाणी ओतत राहायचं, आणि तसंच ओलं घेऊन दवाखाना गाठायचा. ठमीवर ती वेळ आलेली नाही, कारण आमच्या फेऱ्या पहाटे सहाला आणि रात्री नवानंतर. मधे कधी खाली न्यावंच लागलं तर मी आधी डांबरावर पालथा हात ठेवते. पाच सेकंद टेकवता आला नाही तर वॉचमनच्या केबिनमागच्या मातीवर काम उरकून परत.

तारे द्यायचेच तर उतरंडीला पाच. आईंच्या पेजेला तारे लागत नाहीत, त्यांना “आज चाटूनपुसून खाल्लंन्” एवढं सांगितलं की पुरतं.

आता फ्रीजरमध्ये ठमीचा एक कप्पाच आहे. उरलेलं अळणी मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि दुपारी दोन खडे तिच्या पाण्यात टाकते. गेल्या शनिवारी नवरा बाहेरून घामाघूम होऊन आला. दिवा न लावता पेल्यात कोकम सरबत केलं, ट्रे आपटून चार खडे टाकले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. अर्धा पेला संपल्यावर म्हणाला, “आज सरबत जरा अंगाला लागतंय.” ठमी त्याच्या पायाशी बसून एकटक पेल्याकडे बघत होती. मी सांगितलं नाही. आईंनी सांगितलं, तेही पेला पूर्ण रिकामा झाल्यावर. त्या ट्रेवर आता सईच्या लाल नेलपॉलिशने मोठा ‘ठ’ काढलेला आहे.